दोरा, पीस आणि गळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी गळासाठी पिसा-दोऱ्याच्या नकली माश्या कशा बांधतात त्यावर चार पानं लिहिली. छापून आलं तेव्हा दोन ठिकाणी ‘माशी’चा ‘मासा’ झाला होता, आणि ‘मासा दोऱ्याने घट्ट बांधून वर नेलपॉलिश लावावे’ असं वाचून देवळालीच्या एका आजोबांनी काळजीने पोस्टकार्ड टाकलं. आजोबा, मासा बांधायचा नाही. माशी बांधायची. मासा नंतर, नशिबात असला तर.

बाकी पत्रांत प्रश्न होते, त्यातले निवडून घेतलेत. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच : सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. डोळ्याला भिंग लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायची सवय होती. निवृत्तीनंतर ती सवय कुठे खर्च करायची, तर इथे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. माशी बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा व्हाइस ऑनलाइन बघितला. किंमत बघून बाबांनी हात जोडले. व्हाइसशिवाय जमेल का? (कॉलेज रोड, नाशिक)

जमेल. आणि बाबांचं बरोबर आहे.

१९८७ साली आम्ही कारखान्याच्या एलटीसीवर पहलगामला गेलो होतो. तिथे लिद्दर नदीत ट्राउट आहेत. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास तो मासा काश्मीरच्या थंड पाण्यात आणून सोडला. नदीकाठी एक म्हातारा फेरन घालून दगडावर बसला होता. डाव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटात गळ धरलेला, दोऱ्याचं टोक दातात, आणि उजव्या हाताने कोंबड्याचं पीस गुंडाळत होता. चहाचा एक कप संपेपर्यंत त्याची माशी तयार झाली. आमची ही म्हणाली, “चला, घोडेवाला थांबलाय.” मी हललो नाही. घोड्याचे पैसे वाया गेले, ते आजही ऐकवलं जातं.

तेव्हा व्हाइस ही सोय आहे, अट नाही. पण शिकताना दोन्ही हात मोकळे असले की बरं पडतं. आयटीआयच्या पुस्तकात व्हाइसला शेगडा म्हणतात, त्यातला हातशेगडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो टेबलाच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर शिकंजाने आवळून ठेव. घरात हॅंड ड्रिल पडलं असेल तर त्याचा चकसुद्धा चालतो. मी पहिली दोन वर्षं चकावरच काढली.

गळ पकडताना फक्त त्याचा खालचा बाक जबड्यात घे, टोक मोकळं ठेव. टोक जबड्यात दाबलंस तर पाणी दिलेलं पोलाद आहे ते, चिरेल, आणि ते तुला मासा सुटून गेल्यावर कळेल. पकडल्यावर गळाच्या दांडीला नखाने टिचकी मार. ‘टिंग’ वाजलं तर पकड बरोबर. ‘थड’ वाजलं तर गळ हलतोय.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. तुमचा लेख वाचून सहा माश्या बांधल्या. चार पाण्यात सुटल्या, एकीचं पीस दांडीभोवती गोल फिरतं, आणि शेवटचीचं डोकं एवढं मोठं झालं की गळाच्या नेढ्यात दोराच जात नाही. काय चुकतंय? (निफाड)

सर, तुमचं पत्र वाचून मला माझीच आठवण झाली. माझी पहिली माशी दारणेच्या पाण्यात तिसऱ्या फेकीला सुटली. पीस एकीकडे तरंगत गेलं, लोकर दुसरीकडे, आणि उरलेला उघडा गळ घेऊन मी काठावर. शेजारी कणकेच्या गोळ्यावर रोहू काढत बसलेल्या गड्याने काही विचारलं नाही. थोडी कणीक पुढे केली.

तुमची तिन्ही दुखणी एकाच जागची आहेत : दोरा. लोक पिसांमागे लागतात, रंगांमागे लागतात, परदेशी सामान मागवतात. माशी धरून ठेवतो तो दोरा, आणि दोऱ्याला धरून ठेवतो तो ताण. एवढं हाताला समजलं की बाकीचं घरातल्या डब्यातूनही निघतं.

पहिल्यांदा दोरा कुठला ते बघा. शिलाईचा साधा दोरा जाड, तो पटकन ढीग करतो. मशीन एम्ब्रॉयडरीचा बारीक दोरा घ्या. मापाची भाषा हवी असेल तर डेनियर. ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. साध्या माशीला सत्तर डेनियरच्या आसपास, मोठ्या गळाला एकशेचाळीस.

आता एक संध्याकाळ माशी बांधूच नका. रिकामा गळ लावा, दोरा गुंडाळा, आणि ओढत जा, तुटेपर्यंत. पुन्हा गुंडाळा, पुन्हा तोडा. असं वीस वेळा. एकविसाव्या वेळी हाताला आपोआप कळतं की आता तुटणार. त्याच्या केसभर अलीकडे थांबायचं आणि तोच ताण माशी संपेपर्यंत ठेवायचा. टूलरूममध्ये टॅप मारायला, म्हणजे भोकात आटे पाडायला, शिकवताना माझ्या उस्तादाने असेच चार टॅप माझ्याकडून मुद्दाम मोडून घेतले होते. स्टोअरवाल्याला काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट म्हणजे पाया. उघड्या गुळगुळीत दांडीवर पीस बांधलं की ते फिरणारच. आधी नेढ्याच्या थोडं मागे दोऱ्याचं टोक आडवं धरून, त्याच टोकावरून पाच-सहा वेढे मागच्या दिशेला घ्या. दोरा स्वतःखालीच अडकतो, गाठ लागत नाही. उरलेलं टोक कापा आणि बाकापर्यंत वेढ्याला वेढा लावत जा. झाली खरबरीत जमीन तयार. आता जे काही बसवाल ते बसेल.

तिसरी, चिमटीचा वेढा. हे शब्दात सांगणं अवघड आहे, प्रयत्न करतो. पीस दांडीच्या माथ्यावर ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांडीसकट धरा. दोरा वर आणा, अंगठा आणि पीस यांच्यामधून चिमटीत शिरू द्या, वरून सैल फास पलीकडे सोडा, तोही तर्जनीच्या आत. आता चिमटी तशीच दाबून ठेवून दोरा सरळ खाली ओढा. फास पिसावर वरून खाली बसतो, ढकलून नेत नाही. असे दोन वेढे झाले की मग चिमटी सोडायची. बहुतेकजण फास बसायच्या आधीच बोटं उचलतात, कारण काय झालंय ते बघायची घाई. बघू नका.

आता पीळ. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, येवल्याला. त्यांच्या घरी माग होता. मी त्यांना कौतुकाने माझी माशी दाखवली. त्यांनी माशी बाजूला ठेवली, लोंबणारा दोरा दोन बोटांत फिरवला आणि म्हणाल्या, “जावईबापू, पीळ फार झालाय.” बास एवढंच. दांडीभोवती प्रत्येक वेढा घेताना दोऱ्यात एक पीळ भरला जातो. तीस वेढ्यांनंतर दोरा गोल कडक दोरीसारखा होतो आणि एकावर एक चढून ढीग करतो. तुमच्या माशीचं डोकं मोठं होतं ते म्हणून. मधेमधे दोरा आणि बॉबिन-होल्डर (दोऱ्याचं रीळ धरणारी पकड) लोंबते सोडा आणि होल्डर उजव्या हाताने बांधणाऱ्याने वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पीळ निघतो, दोरा फितीसारखा चपटा पसरतो. चपटा दोरा कमी जागेत जास्त धरतो. जिथे खरंच आवळायचं असेल, मणी किंवा डोळे बसवताना, तिथे उलट पीळ भरून घ्या.

आणि डोक्याबद्दल आणखी एक. नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा पहिल्यापासून मोकळी सोडायची. वहीत समास सोडायला मुलांना सांगता ना, तसा. सगळे वेढे संपल्यावर शेवटची गाठ तिथे बसते. गाठीसाठी मी संपलेल्या बॉलपेनची टोकाकडची नळी वापरतो : दोऱ्याचा एक आढा नळीवर घ्यायचा, नळी नेढ्यावर टेकवायची, आढा सरकवून आवळायचा. असे चार आढे पुरतात. विप फिनिश म्हणतात ती गाठ जास्त पक्की. लाठीच्या टोकाला सुतळी गुंडाळून शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घेतात ना, तीच. वर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, सुईच्या टोकाने. नेढ्यात पॉलिश गेलं तर वाळायच्या आत पीस घालून पुसून घ्या, नाहीतर पाण्याकाठी दातांनी फोडायची वेळ येते. नेढ्याच्या कडेवर माझ्या एका दाढेचा टवका गेलाय.

प्रश्न : बारा नंबरचा गळ मागवला, हरभऱ्याएवढा निघाला. दुकानदाराने फसवलं का? (सिन्नर)

नाही हो. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. चौदा हा बारापेक्षा बारीक, आठ हा मोठा. एकपर्यंत उतरत आलात की उलटं सुरू होतं : एक-शून्य, दोन-शून्य, आणि मग वाढत्या आकड्याला वाढता गळ. पहिल्या शिक्षणाला आठ नंबर घ्या, लांब दांडीचा. बोटांना जागा मिळते.

प्रश्न : मी पैठणी विणते. मुलाला तुमच्यासारखाच नाद लागलाय. मागावरचं उरलेलं रेशीम नि जर त्याला द्यावी का, की वाया जाईल? (येवला)

ताई, द्या. आणि थोडी माझ्यासाठी बाजूला ठेवा.

माशीच्या अंगावर बारीक चमकदार पट्टे काढतात, किड्याच्या पोटाच्या वळ्या दिसाव्यात म्हणून. त्याला परदेशात टिन्सल म्हणून चपटी चकचकीत पट्टी विकत घेतात. तुमची जर त्याहून देखणी आणि टिकाऊ. रेशमाचं तर काय सांगू, नायलॉन येण्याआधी माश्या रेशमानेच बांधत. ओलं झालं की रेशमाचा रंग गडद होतो : पिवळं घातलं तर पाण्यात मधाचा रंग येतो. मुलाला सांगा, रंग कोरडा बघून निवडू नकोस, जिभेवर ओला करून बघ.

एकच लक्षात ठेवायला सांगा : जर गुंडाळायची ती दोऱ्याच्या उलट दिशेने. दोरा पुढून पलीकडे जात असेल तर जर पलीकडून पुढे. मग ती खालच्या वेढ्यांमध्ये रुतून गायब होत नाही आणि माशाच्या दातांनी पीस तुटलं तरी वर जाळी धरून राहते.

प्रश्न : पिसं कुठून आणायची? मोरपीस चालतं का? आमच्याकडे शेतात तितर खूप आहेत. (मनमाड)

तितराकडे बघूसुद्धा नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपले रानातले पक्षी आलेत, मारणं-पकडणं गुन्हा आहे. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात बाळगायला मुभा आहे, देशाबाहेर पाठवायला बंदी. मोराच्या पिसाला बाजूने जे केसाळ हिरवट-तपकिरी धागे असतात ते माशीच्या अंगाला अप्रतिम : दोन-तीन एकत्र गुंडाळले की गुबगुबीत अळी तयार. पण ते ठिसूळ. वर तांब्याची तार फिरवली नाही तर पहिल्या माशालाच तुटतं.

मोह कुठवर जातो ते सांगतो. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी भडक शोभिवंत माश्या बांधायची टूम निघाली. जगभरचे पक्षी त्यात गेले. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळसर ठिपके असतात, ते ‘डोळे’ म्हणून बसवत. आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. चोर कोण? बासरी शिकणारा एक तरुण विद्यार्थी, माश्या बांधण्यात उस्ताद. एवढी सुंदर बोटं, आणि हे काम. मी ती माशी आयुष्यात बांधणार नाही, आणि माशालाही तिची गरज नाही.

तुम्हाला लागतो तो गावठी कोंबडा. आठवडे बाजारात गावठी कोंबडा विकणाऱ्याशी बोलून ठेवा, मान नि पाठीची पिसं तो असंही टाकूनच देतो. परदेशातल्या दुकानांत आपल्या कोंबड्यांच्या मानेची पिसं ‘इंडियन केप’ म्हणून विकली जातात, नवशिक्यांसाठी स्वस्त माल म्हणून. अमेरिकेत तर याच कामासाठी वेगळे कोंबडे पोसतात, पाठीचं पीस फुटाच्या जवळ जातं. आपल्या गावठीचं बोटभर असतं, पुरतं.

कोंबड्याच्या मानेचं पीस कडक, पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला. कोंबडीचं मऊ, पाण्यात हलणाऱ्या माशीला. ब्रॉयलरचं पीस कामाचं नाही, लिबलिबीत असतं, कोवळ्या वयात कापतात म्हणून. पीस निवडताना मधल्या काडीशी काटकोनात एक केस ओढून बघा : त्याची लांबी गळाच्या दांडी-टोकातल्या अंतराच्या दीडपट हवी. बुडाचा कापसासारखा भाग ओरबाडून टाका. तो पाणी पितो.

बाकीचं आपल्या गावातलंच. तांब्याची बारीक तार मोटर वाइंडिंगवाल्याकडे, अंबडला माझा एक ओळखीचा आहे, मूठभर रद्दी तार चहाच्या बदल्यात देतो. फ्रॅंक सॉयर म्हणून इंग्लंडात विल्टशरमधल्या ॲव्हन नदीचा राखणदार होता, त्याने तर दोराच टाकून दिला आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे धागे नुसत्या तांब्याच्या तारेने बांधले. वजनही तेच, दोराही तोच. वाइंडिंगवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपल्याच लाइनीतला माणूस.”

रंगवायला हळद नि चहा. पिसं, केस, लोकर यांना हळद लगेच धरते. जिलेबीचा खायचा रंग कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून वापरलात तर पिसावर पक्का बसतो. भांडं वेगळं ठेवा. का ते खालच्या शेवटच्या पत्रात येईलच.

प्रश्न : आमच्या भागात धरणंच धरणं. पण ट्राउट नाही. मग माशी बांधून कुणाला घालायची? एखादी माशी पूर्ण कृतीसकट सांगा. (घोटी)

चिलापी आहे ना. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आली आणि आता ती नाही असं पाणी शोधावं लागतं. आमच्या पिढीचे लोक तिला नाकं मुरडतात, पण दहा-बारा नंबरच्या गळावरची मोरपिसाची अळी काठाजवळ हळू ओढली की ती घेते, आणि हातभर काठी वाकवते. कटला-रोहूच्या नादी माशी घेऊन लागू नका. ते कणकेचे गिऱ्हाईक. शिवडा आणि मरळ मात्र शिकारी, हलतं ते खातात. मरळ हवा घ्यायला वर येते, गवताच्या कडेला पाणी हलतं, ती जागा लक्षात ठेवायची. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला तर तिथे माशी टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात, आणि ते भुकेने नाही, रागाने येतात. ती शिकार मला पटत नाही.

मरळ-शिवड्यासाठी ही घ्या. मूळ कल्पना पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरची, १९८० च्या दशकातली. तिथल्या ससक्वेहाना नदीतल्या बास माशासाठी. मी सामान आपलं घातलंय.

चार नंबरचा गळ. दांडीवर दोऱ्याचा पाया, नेढ्यामागे दांडीच्या एक तृतीयांश अंतरावर थांबा. किल्लीच्या जुडग्याची गोल मण्यांची साखळी असते, तिचे दोन मणी मधल्या तारेसकट पक्कडीने तोडून घ्या. ती जोडी म्हणजे माशीचे डोळे. ती दांडीच्या माथ्यावर आडवी ठेवून इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा वेढे, इथे पीळ भरलेला दोरा. हलवून बघा. हलली तर उसवा, पुढे जाऊ नका. ही जोडी दांडीच्या वर असली की वजन वर येतं, म्हणून पाण्यात गळ उलटा होतो आणि टोक आकाशाकडे जातं. तळातल्या काटक्या-गवतात अडकत नाही. सगळी युक्ती एवढ्यातच आहे.

आता बोकडाचे केस. शेळीपालन करणाऱ्याकडून घ्या, दाढीचे लांब. पांढऱ्यांची एक जुडी, काडेपेटीच्या काडीपेक्षा जाड नको. तिचं बूड डोळ्यांच्या पुढे बांधा, केस डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागेही चार वेढे द्या. गळ उलटून लावा. आता गणपतीच्या सजावटीच्या चंदेरी झिरमिळ्या, दोन किंवा तीन धागे, मूठभर नाही. त्यावर चहात रंगवलेल्या तपकिरी केसांची दुसरी जुडी, ही फक्त डोळ्यांच्या पुढे बांधायची. केस गळाच्या दुप्पट लांबीवर संपू द्या. शेंड्याला कात्री लावू नका, केस निमुळतेच असू देत. पाण्यात कापलेला शेंडा झाडूसारखा दिसतो.

सगळ्यांची एक चूक होते : केस जास्त. टेबलावर भरघोस दिसली की छाती फुगते, पाण्यात ती बुडत नाही. ग्लासभर पाण्यात धरून बघा, आरपार दिसली पाहिजे.

माशी फेकायची परदेशी काठी, म्हणजे फ्लाय रॉड, घ्यायलाच पाहिजे असं नाही. जपानात डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा नावाची रीत आहे : लांब काठी, टोकाला दोरा, दोऱ्याला माशी. रीळच नाही. तुमच्याकडे बांबू काय कमी आहे? चिलापीला तो पुरेसा. मरळीला मात्र नाही, काठी हातातून जाईल.

आणि धरणावर बसण्याआधी विचारा. पाण्याचा मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांच्या माणसाला आधी भेटून परवानगी घ्या, ठेक्याची पोटं त्यावर आहेत. नांदूर मध्यमेश्वरला तर गळ काढूच नका, ते पक्षी अभयारण्य आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा.

प्रश्न : गांडूळ फुकट मिळतं. तुम्ही शिकलेले लोक तासभर बसून पिसं बांधता आणि मासा मिळाला तर सोडून देता. ही साहेबांची थेरं मराठी माणसाला कशाला? (पंचवटी)

साहेबाची थेरं म्हणावीत तर साहेब जन्माला यायच्या आधीची आहेत. अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि मासे फसतात. आणि आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्याने राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्यालाही जागा दिलीय. तेव्हा राजेरजवाडेही बसत होते काठावर.

गांडुळाला माझी ना नाही. भूक असेल तर गांडूळच लावा. माझी भूक वेगळी आहे. सोडून देण्याचं म्हणाल, तर मी गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपूनच पाण्यावर जातो, सुटायला सोपा जातो. माशाला धरायच्या आधी हात ओले करतो, कोरड्या हाताला त्याचा चिकट थर निघून येतो. त्याला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. चिलापी मात्र कधीमधी घरी येते. आमच्या हिचा चिलापीचा रस्सा खाल्लात तर तुम्ही हा प्रश्न मागे घ्याल.

प्रश्न : ह्यांची पिसं कपाटात असतात. गेल्या महिन्यात माझ्या दोन शालींना कसर लागली. आता काय करू? (देवळाली कॅम्प)

वहिनी, आधी कपाटातली पिसं बाहेर काढायला लावा, आजच. त्यांना माझं नाव सांगा.

बाजारातून आणलेलं पीस घरात तसंच ठेवणं म्हणजे कसरीला आवतण. रिठ्याच्या नाहीतर शांपूच्या कोमट पाण्यात धुवायचं, जाळीच्या पिशवीत घालून सावलीत सुकवायचं. जाळीची पिशवी अशासाठी की पंख्याखाली पसरलीत तर घर कोंबड्यांच्या खुराड्यासारखं होतं. पूर्ण सुकल्यावर घट्ट झाकणाच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये आठवडाभर. मग दोन दिवस बाहेर, मग पुन्हा आठवडाभर फ्रीझरमध्ये. अंडी पहिल्यांदा वाचली तर दुसऱ्या फेरीत मरतात. त्यानंतर काचेच्या बरणीत, डांबराच्या दोन गोळ्या टाकून. शाली उन्हात झटका, आणि पिसांच्या जवळ पुन्हा ठेवू नका.

फ्रीझरच्या पिशवीवर नाव मात्र ठळक लिहायला लावा. आमच्याकडे मी लिहिलं नव्हतं. हळदीत रंगवलेले बोकडाचे केस पारदर्शक डब्यात, शेजारीच तसल्याच डब्यात मोदकांसाठी खवून ठेवलेला नारळ. गौरींच्या दिवशी सकाळी सहाला सूनबाईने अंधारात डबा काढला, कढईत गूळ टाकला, वर डबा ओतला. आता फ्रीझरचा खालचा कप्पा माझा आणि वरचा त्यांचा, आणि मधे स्टीलची पट्टी मी स्वतः कापून बसवलीय.